दुसऱ्या वेताची होडी

आमचा अण्णासो म्हशीतला देवमाणूस. हे मी म्हणत न्हाय, मुरगूडचा सगळा बाजार म्हणतो. म्हशीच्या मागं नुसता उभा राहिला, की दूध किती, वेत कितवं म्हंजे कितव्यांदा व्याली, लाथ मारती का न्हाय, सगळं सांगणार. माणसातलं मात्र त्याला काडीचं कळत न्हाय. मी त्याची थोरली भण, आक्का. आईनं तो तान्हा असतानाच माझ्या मांडीवर दिलाता, तवा त्याच्याबद्दल बोलायचा मला हक्क हाय. नवरा वारल्यावर मी माहेराला आलो तो आलोच. आणि आमच्याकडं बायका बी 'आलो, गेलो'च म्हणत्यात, तेवढं समजून घ्या पावणं.

वेदगंगेच्या काठाला आमचं गाव. घर अलीकडं, रान पलीकडं. म्हशींचा गोठा बी पलीकडंच. उन्हाळ्यात बंधाऱ्यावरनं चालत जाता येतं. पण पावसाळा लागला की बंधारा पाण्याखाली, ते दिवाळीपर्यंत, आणि पुलावरनं जायचं म्हणजे सात मैलांचा वळसा. म्हणून होडी. दोन्ही काठांना दोर बांधलेला हाय. होडीत उभं राहायचं आणि दोर हातानं वढत पलीकडं जायचं. सहा म्हशींच्या धारा काढायच्या, कॅन होडीत घालायचे आणि डेअरी बंद व्हायच्या आत माघारी यायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. हे सगळं कोण करणार, तर घरची सून.

सुनेचं नाव संयोगिता. चंदगडची पोरगी. आमच्या विश्वजितला चार वर्षं पोरगी मिळंना. कोल्हापुरात फौंड्रीत कामाला, मंगळवार पेठेत एका खोलीत भाड्यानं राहतो, कोण देणार? शेवटी ही आली. पहिल्या नवऱ्याशी सहा महिन्यांत फारकत झालेली. नवरा मारत हुता, ह्यात तिचा काय दोष? पण आमचा अण्णासो भर मांडवात पावण्यांना सांगायला लागला, "पहिलारू म्हस घिऊच नये. लाथा मारती, पान्हा चोरती. दुसऱ्या वेताची घ्यावी. गरीब असती, सवयीची असती." मांडव खो खो हसला. मी बी हसलो. पोरगी माझ्या शेजारीच बसलीती, तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या आणि तरी हसलो. आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

लग्नानंतर विश्वजित तिला कोल्हापूरला न्यायचं म्हणाला. अण्णासो म्हणाला, मग धारा कोण काढणार, तुझा फौंड्रीवाला मालक? विषय संपला. विश्वजित महिन्यातनं दोनदा येणार, ही हितं.

तीन वर्षांमागं आमची लाकडी होडी पार कुजली. पावसाळा तोंडावर आलेला. विश्वजितनं मोबाइलवर फायबरची नवी होडी दाखवली. हलकी, बुडाला दुहेरी, बाईमाणसाला वढायला सोपी. अण्णासोनं मोबाइल लांब धरून बघितला आणि म्हणाला, "पहिलारू हाय. नको." मला वाटलं चेष्टा करतोय. तर न्हाय, खरंच त्याच हिशेबानं बघत हुता. नव्या होडीची खोड कुणाला ठावं? दोन-चार पावसाळे काढलेली होडी असंल, तर तिची चाल कळती, वजन कळतं. पैशाची अडचण न्हवती बरं का. त्याच महिन्यात गोठ्यात म्हशींच्या पायाखाली रबरी चटया आल्या. नव्या कोऱ्या. म्हशींचे गुडघे दुखत्यात म्हणं.

संयोगिता ह्या घरात कवा काय मागत न्हवती. साडी न्हाय, माहेर न्हाय. त्या दिवशी मात्र जेवणाचं ताट ठेवल्यावर तिथंच उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी, नवीच घ्या. मला पव्हाय येत न्हाय."

त्यानं भाकरी मोडली, कांदा फोडला आणि जेवाय लागला. ती आत गेली.

मग शिरोळकडं कुणाची तरी होडी विकायची हाय असं कळलं. वाळू काढणाऱ्याची, पत्र्याची. वाडीला दत्ताचं दर्शन होईल म्हणून मी बी गाडीत बसलो. आता एक गोष्ट सांगतो, ती ध्यानात ठेवा. अण्णासोच्या खिशात कायम भंडाऱ्याची पुडी असती. म्हस घेताना शेवटचं बोलणं झालं, की तो पुडी सोडतो आणि विकणाऱ्याच्या तळहातावर भंडारा ठेवतो. "उचल भंडारा आणि सांग, खोड न्हाय." देवाच्या भंडाऱ्यावर खोटं बोलायला कुणाची छाती होत न्हाय. ज्यानं हात मागं घेतला, त्याची म्हस घ्यायची न्हाय. चाळीस वर्षांत ह्यानं भंडारा उचलल्याबिगर एक रेडकू सुद्धा दावणीला बांधलेलं न्हाय.

तितं होडी काठावर पालथी घातलेली. अण्णासो तिच्याभोवती दोन वेळा फिरला. मागनं बघितलं. बरगड्या चाचपाव्यात तसं दोन्ही अंगाला थापट्या मारल्या. मग कासेखाली हात घालावा तसा बुडाखालनं हात फिरवला, आणि एका जागी हात थांबला. बोटं काळी झालती. डांबर. त्यानं ती नाकाला लावली आणि धोतराला पुसली. होडीवाला नुसता नदीकडं बघत बसला. मग दोघांनी भाव ठरवाय रुमालाखाली बोटं धरली, आणि होडी आमची झाली. भाव ऐकून मीच चाट पडलो, इतकी स्वस्त.

पुडी काय खिशातनं निघाली न्हाय.

येताना गाडीत मी इचारलं, "अण्णासो, भंडारा उचलाय लावला न्हाईस?" म्हणाला, "होडीला कसली खोड असती, आक्का? ती काय लाथ मारती?" आणि खिडकीतनं बाहेर बघाय लागला. मला कळलं हुतं, पावणं. सगळं कळलं न्हाय, पण काहीतरी कळलं हुतं. त्याच्या घरचं अन्न खातोय, कशाला तोंड उघडा, म्हणून गप बसलो. त्याचं पाप त्याच्याजवळ, माझं माझ्याजवळ.

होडी पाण्यात घातली त्या दिवशी नारळ फोडला आणि अण्णासो म्हणाला, "संयोगिता, तू बस आधी. जाऊन ये एक फेरी." दावणीला नवी म्हस बांधली की आधी दुसऱ्याला धार काढाय बसवत्यात, लाथ बसली तर त्याला बसंल, तसं. ती गेली आणि आली. साडी घोट्यापर्यंत भिजलेली. पाणी येतंय म्हणाली. हा म्हणाला, होडीत पाणी यायचंच, गोठ्यात मूत असतोयच की.

दुसऱ्या दिवसापासनं तिनं तुपाचा एक मोकळा डबा होडीत ठेवला. निम्म्यात गेलं की दोर एका हाताला गुंडाळायचा आणि दुसऱ्या हातानं पाणी उपसायचं, मग पुन्हा दोर वढायचा. भरला कॅन घेऊन येताना पाणी जास्त यायचं. पहिल्या पावसाळ्यात घोट्यापर्यंत भिजायची, दुसऱ्यात गुडघ्यापर्यंत. पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजून पांढऱ्या पडल्या, मी रोज रात्री खोबरेल तेल लावून द्यायचो. तेवढंच केलं मी. विश्वजित दोनदा बापाशी भांडला, दोनदा गप झाला आणि सोमवारच्या गाडीनं कामाला गेला. बापासारखा न्हाय तो, पण बापापुढं उभा राहायला जे लागतं ते बी त्याच्याजवळ न्हाय.

एकदा संध्याकाळी पाण्याला ओढ हुती, होडी कलली. कशीबशी दोर धरून काठाला लागली. नखशिखांत भिजून दारात आली, दातावर दात वाजत हुते. अण्णासो ओट्यावर बसलाता. तिच्याकडं बघितलं, तिच्या मोकळ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाला, "दुसरा कॅन कुठाय?"

ती म्हणाली, "गेला." आणि चुलीपुढं जाऊन बसली. त्या दिवसापासनं ती त्याच्याशी कामापुरतं सुद्धा बोलंना झाली. ताट ठेवायची, उचलायची.

मग यंदाचा महापूर आला. अण्णासोचा अंदाज म्हणाल तर पक्का. पाणी चढणार म्हणून त्यानं आदल्या दिवशीच पुलावरनं टेम्पो मागवला आणि सहाच्या सहा म्हशी मुरगूडला उंचावर नेऊन बांधल्या, चटया सुद्धा गुंडाळून बरोबर. माणसं मागनं जातील म्हणाला. आणि त्याच दिवशी अंगणात शेवाळावरनं घसरला, पाय घोट्यात मोडला. आता आली का पंचाईत. सकाळी उठून बघतोय तर पाणी उंबऱ्याला. पंचायतीची होडी खालच्या गल्लीतली माणसं काढत हुती, दुपारपर्यंत येतो म्हणाले. पाणी दुपारपर्यंत थांबणार हुतं व्हय? बघता बघता चुलीत शिरलं.

संयोगिता मागच्या दारानं कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि शेवग्याला बांधलेली होडी सोडून दारात आणली. मी चढलो. शेजारचा राजशेखर अण्णासोला पाठुंगळीला घेऊन आला, तो दाराजवळ आल्यावर अण्णासोनं चौकट पकडली. दोन्ही हातांनी. राजशेखर वढतोय आणि हा सोडंना.

"मला ह्या होडीत घालू नगासा," अण्णासो म्हणाला. "पंचायतीची येऊ द्या. मी थांबतो."

राजशेखर म्हणाला, रोज संयोगिता वैनी जातीच की हिच्यातनं, तुम्हाला काय झालं?

"बूड फुटकं हाय तिचं," हा वरडला. बोलून गेला. आणि मग थांबवंना त्याला, लहान पोरासारखा रडाय लागला. "डांबर लावून झाकलंय. त्यानं भंडारा उचललाच नसता, म्हणून मी पुडी काढली न्हाय. मला ठावं हाय, आक्का. मरू आपण सगळी."

राजशेखर तसाच उभा राहिला, पाठीवर ह्याला घेऊन. माझ्या अंगाची आग आग झाली. माझा सख्खा भाऊ, ज्याच्या तोंडात मी पहिला घास घातला. तीन पावसाळे. सकाळ-संध्याकाळ. आणि ह्याला ठावं हुतं. 

संयोगिता काय चिडली न्हाय की रडली न्हाय. तिनं त्याची बोटं चौकटीपासनं सोडवली, एक एक करून. राजशेखरनं त्याला होडीत ठेवला आणि आपल्या घरच्यांकडं माघारी गेला. तिनं तुपाचा डबा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"मला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय, मामंजी," ती म्हणाली. "डाव्या अंगानं येतंय. तितंच बसा आणि उपसत राहा. थांबायचं न्हाय."

मग ती लांब काठी घेऊन उभी राहिली आणि होडी गल्लीतनं काढली. गल्लीतनं शाळेपुढं, शाळेपुढनं उसाच्या शेंड्यांवरनं मुरगूडच्या रस्त्यापर्यंत. अर्धा तास लागला असंल. अण्णासो उपसत हुता. मोडका पाय पाण्यात, तोंड पांढरंफटक, डबा भरायचा, वतायचा, भरायचा, वतायचा. एकदा दम लागून थांबला. तर संयोगितानं बी काठी थांबवली, मधल्या पाण्यात, आणि त्याच्याकडं बघत उभी राहिली. पाणी त्याच्या मांडीवर चढलं तसा तो पुन्हा उपसाय लागला, तवा काठी हालली. आणि पावणं, खोटं कशाला बोलू, मी हसलो. मांडवात हसलोतो त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसलो. मी बी त्याच होडीत हुतो, मला बी पव्हाय येत न्हाय, पण हसू आवरंना.

मुरगूडला शाळेत आमची सोय केली. अण्णासोच्या पायाला पट्टी झाली, हाताला फोड आलेले. चहा सुद्धा घेतला न्हाय, आधी विश्वजितला फोन लावाय सांगितला. "नवी होडी बघ," म्हणाला. "फायबरची. बुडाला दुहेरी असंल ती." तीन वर्षं तिचे पाय कुजत हुते, तवा ह्याला पहिलारू नको हुती. स्वतःचं बूड एकदा भिजलं, तर दिवस मावळायच्या आत नवी पायजे झाली. मी त्याच्या तोंडावर बोललो हे, सगळ्या शाळेदेखत. तो भिंतीकडं तोंड करून पडला.

पूर वसरला, म्हशी गोठ्यात परत गेल्या. महिनाभर वस्तीवरचा गडी धारा काढत हुता. गणपतीच्या आधी नवी होडी आली. विश्वजित रजा काढून आलता. अण्णासो काठी टेकत काठावर आला. पुडी काढली, होडीवाल्याच्या हातावर भंडारा ठेवला, त्यानं खळखळ न करता उचलला. नारळ फुटला. गावातली दहा-वीस माणसं जमलीती, आणि राजशेखरमुळं सगळ्यांना सगळं ठावं झालतं. अण्णासो वळला आणि सवयीनं म्हणाला, "संयोगिता, तू बस आधी."

विश्वजित पुढं झाला, बापाकडं बघितलं आणि पहिल्यांदाच आयुष्यात नुसतं म्हणाला, "न्हाय."

संयोगितानं काखेतल्या पिशवीतनं तुपाचा डबा काढला. तोच. वाकून नव्या होडीत ठेवला आणि मागं सरून माझ्या शेजारी उभी राहिली.

"आधी तुम्ही, मामंजी."

तो उभाच राहिला. होडी दोराला डुलत हुती. पलीकडं धारांची वेळ झालती, त्या दिवसापुरता गडी बी सांगितला न्हवता, आणि म्हशी हंबराय लागल्या. एक हंबरली, मग दुसरी, मग सगळ्या. त्याच्या तोंडावरचं सगळं मला वाचता येतं, लहानपणापासनं येतं. सुनेसाठी तो बसला नसता, पोरासाठी बसला नसता, माझ्यासाठी तर न्हाईच. म्हशींसाठी बसला.

विश्वजित दोर वढत हुता. नव्या होडीत पाण्याचा टिपूस न्हवता. तरी पलीकडच्या काठाला लागंपर्यंत अण्णासो डाव्या अंगाला बसून, डबा दोन्ही हातांनी धरून, बुडाकडं बघत हुता.