गाडी वळणावर आली

माझ्या मामाचा धंदा कवळ्यांचा. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडांची मापं यायची, घराच्या मागच्या खोलीत बसून मामा त्यांवरून दात घडवायचा, आणि माणसं ते लावून फोटोत हसायची. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," मामी आल्यागेल्याला सांगायची, "आमचं भरलं बघा."

त्या खोलीला एकच खिडकी, पश्चिमेची. दुपार कलली की उन्हाची तिरीप आत यायची आणि तिच्यात प्लास्टरची पूड तरंगत राहायची, खाली बसायचं नाव घ्यायची नाही. फळ्यांवर पांढऱ्या जबड्यांच्या रांगा. लहानपणी मला वाटायचं, आपण दार लावून गेलो की हे सगळे आपसांत बोलत असणार.

"बोलतात की," मामा म्हणायचा. "जिभा नाहीत ना, म्हणून चहाड्या तेवढ्या करत नाहीत."

एवढ्या लोकांच्या हसण्याची काळजी वाहणारा हा माणूस झोपायचा मात्र नाही. आडवा व्हायचा, पांघरूण घ्यायचा, पण डोळ्याला डोळा लागत नसे. गोळ्या झाल्या, तळपायाला तेल झालं, मामीनं उशा बदलल्या, मग खाटेची दिशा बदलली. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "गाढ झोप शेवटची कधी लागली होती?"

मामा विचारात पडला. मग म्हणाला, "चार वर्षांचा होतो तेव्हा."

डॉक्टर हसले. मामा हसला नाही.

तेव्हाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. माझी आजी, म्हणजे मामाची आणि माझ्या आईची आई, फिरती नर्स होती. आजोबा लवकर गेलेले. आजी डोक्याला रुमाल बांधायची, औषधांची पिशवी मोटरसायकलच्या मागच्या आकड्याला अडकवायची आणि कुठे कुठे बाळंतपणं करायला जायची. बाळंतपण काही घड्याळ बघून होत नाही. घरी राहायची माझी सात वर्षांची आई आणि चार वर्षांचा मामा. संध्याकाळ झाली की मामा खाटेवर बसून दाराकडे बघत राहायचा. ताई म्हणायची झोप, हा म्हणायचा आई आल्याशिवाय नाही. मग कधीतरी लांबून आवाज यायचा. आधी बारीक फुर्रर्र, मग दोन ठोके, मग मध्येच अडखळल्यासारखा होऊन पुन्हा फुर्रर्र.

"गाडी वळणावर आली," ताई सांगायची. "मीट डोळे."

वळणापासून दारापर्यंत असा कितीसा रस्ता! पण तेवढ्यात मामाला झोप लागायची. दार उघडल्याचं त्याला एकदाही आठवत नाही. गाडीचा दिवसाउजेडीचा आवाजही आठवत नाही. पोरांची आठवण अशीच असते, लागेल तेवढंच ठेवते.

"तो आवाज परत ऐकला ना," मामा म्हणायचा, "तर मी झोपेन. बघच तू."

मामा पाच वर्षांचा व्हायच्या आतच आजीला दवाखान्यात नेमणूक मिळाली, गाडी विकली गेली आणि कुठे गेली कुणाला कळलं नाही. ती मामाला सापडली म्हातारपणाच्या उंबरठ्यावर, एका रोपवाटिकेत. मामीला जाईचं रोप हवं होतं म्हणून दोघं गेले होते. मागच्या कुंपणाशी मोटरसायकल उभी होती, नाही, उगवलेली होती म्हणा. स्पोकांतून वेल गेलेला, हँडलला कुंड्या टांगलेल्या, सीटच्या जागी मातीचा ढीग आणि त्यात कोथिंबीर. मामाची नजर मागच्या मडगार्डवर गेली. तिथे लोहाराकडून बसवून घेतलेला आकडा होता. पिशवी घसरू नये म्हणून टोक आत वळवलेला.

"विकायची का?" मामानं विचारलं.

"पैसे घेऊन काय चावू?" रोपवाटिकेचा म्हातारा मालक म्हणाला. त्याच्या तोंडात औषधालाही दात नव्हता.

मामानं त्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. "चावायचं मी बघतो," तो म्हणाला.

असा तो सौदा झाला. मामाच्या ओळखीच्या डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या तोंडाचं माप घेतलं, मामानं वरची-खालची कवळी करून दिली, आणि म्हाताऱ्यानं स्वतः वेल सोडवून गाडी हातगाडीवर चढवली. जाताना कोथिंबीर तेवढी उपटून घेतली.

मग मागच्या खोलीत जबड्यांच्या पहाऱ्यात गाडी उभी राहिली, दोन खोक्यांवर. गॅरेजवाले जे हातोडीनं करतात ते मामा दातांच्या हत्यारांनी करायचा. कार्ब्युरेटरची बारीक भोकं हिरडीखालची घाण काढायच्या सळईनं साफ केली. टाकीचा गंज मऊ ब्रशनं असा काढला, जणू तिला ठणका लागेल. ज्या यंत्रावर कवळ्यांना पॉलिश करायचा त्याच्यावर इंजिनची झाकणं धरली, तर दुसऱ्या दिवशी एका बाईंची कवळी काळी पडली. मोडके भाग बाजारात मिळेनात, तर मामा मेणाचा नमुना करायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि ओतून काढायचा. टाकीशेजारी गिअरचा दांडा होता, त्याचा गोळा हरवलेला. मामानं नवा केला, तोही कवळीच्याच सामानातून. झाला हुबेहूब, फक्त हिरडीसारखा गुलाबी.

"अगंबाई!" मामी म्हणाली. "हिला दात येतायत की काय?"

"म्हातारपणी येतात कधीकधी."

"घरात दोन म्हाताऱ्या आहेत. एकीला रोज तेल पाजतोस. दुसरीनं चहा घेतला का, विचारलंयस कधी?"

"घेतलास?"

"कधीचाच! तुझी वाट बघत बसले असते तर वाळून गेले असते."

आम्ही रविवारी जायचो, मी आणि आई. आई दारातल्या खुर्चीवर ताठ बसायची. ती पहिल्यापासून टापटिपीची. तिचीही कवळी मामानंच केलेली. तरुणपणच्या फोटोवरून त्यानं तिचा एक दात मुद्दाम किंचित वाकडा बसवला होता, कुणाला शंका येऊ नये म्हणून. आणि खरंच यायची नाही. कवळी काढलेली आई मी कधी पाहिली नव्हती. बाबांनीही नाही, असं बाबाच सांगायचे.

"ताई, तुला आठवतो ना तो आवाज?" स्पोक आवळता आवळता मामा विचारायचा.

"इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतंय!" आई म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची.

मला नवल वाटायचं. माझ्या तिसरीतल्या बाईंच्या साडीचा काठ जिला आठवतो, तिला हे आठवू नये?

गाडी सुरू झाली ती अशाच एका रविवारी, दुपारी. खोलीचं मागचं दार सताड उघडलं. मामानं प्लग घट्ट केला, एक किक मारली. काही नाही. दुसरी. फळ्यांवरचे जबडे किणकिणले. तिसऱ्या किकला इंजिनला खोकला आला, निळसर धूर सुटला, आणि गाडी चालू झाली. सरळ, साफ, एका लयीत. मामीनं टाळ्या वाजवल्या, मी ओरडले, जबडे थरथरत फळीच्या कडेशी आले.

मामानं डोळे मिटले होते. तो ऐकत होता. मग त्यानं हात पुढे करून गाडी बंद केली.

"हा नव्हे," तो म्हणाला.

"काय हा नव्हे?" मामी म्हणाली. "शिवणयंत्रासारखी चालतेय!"

"तेच ना. ती अशी चालायची नाही. मध्ये अडखळायची. श्वास घ्यायची."

तिथून पुढे मामाचं वेड वाढलं. सायलेन्सर काढला, घातला, त्याला भोक पाडलं, भोक बुजवलं. कार्ब्युरेटरचा स्क्रू इकडे फिरव, तिकडे फिरव. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावून तो आवाज तोंडानं करून दाखवला, तर तो म्हणाला, "काका, हे इंजिन नाही, हा दमेकरी आहे. कुठलंच इंजिन असं वाजत नाही."

मामाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. मापं येऊन पडली तरी कवळ्या होईनात. डॉक्टरांचे निरोप येऊ लागले. मामी चेष्टा करायची थांबली, तेव्हा आम्हांला खरी काळजी लागली.

पुढच्या रविवारी गेलो तर मामा गाडीपुढे जमिनीवर बसलेला. हातात पाना होता, पण तो काही करत नव्हता.

"ताई, मी फसलो," तो म्हणाला. "ही आईची गाडी नाहीच."

"अरे, आकडा आहे की तिला."

"आकडा काय, कुणीही लावतो. हिचा आवाज तो नाही, म्हणजे ही ती नाही. म्हाताऱ्याला उद्या परत देऊन टाकतो. लावू दे कोथिंबीर." आणि मग अगदी हळू, "मला वाटलं होतं, एकदा झोपेन."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. तिरीप तिच्या पायांपर्यंत आली होती. मग ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

"वन्सं, काय हवंय?" मामीनं विचारलं.

"पिठाचा रिकामा डबा आहे का गं? मोठा, पत्र्याचा."

"आहे. कशाला पण?"

"दे. आणि एक वाटी दे पाण्याची."

डबा घेऊन ती परत आली आणि मामाच्या खाटेच्या कडेला बसली. जबड्यांच्या खोलीत ती एक खाट होती, कंबर टेकायला. "इकडे ये," ती म्हणाली. "पड."

"ताई, हे काय आता?"

"मोठी आहे ना मी? सांगते ते ऐक. पड, आणि तोंड भिंतीकडे कर."

साठी ओलांडलेला मामा निमूटपणे खाटेवर आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मामीकडे. मग मान खाली घातली, दोन बोटं तोंडात घातली आणि कवळी काढून वाटीत ठेवली. तिचे गाल आत गेले. चेहरा क्षणात फार म्हातारा झाला, आणि लगेच फार लहान. सातव्या वर्षी समोरचे दात पडलेली मुलगी अशीच दिसत असणार.

तिनं डब्यात तोंड घातलं.

फुर्रर्र. लांबून, अगदी लांबून, रस्त्याच्या पलीकडच्या कुठल्यातरी वळणावरून आल्यासारखं. दोन ठोके, नखांनी, डब्याच्या बुडावर. मग अडखळली. तिथे तिनं श्वास घेतला. पुन्हा फुर्रर्र.

भिंतीकडे वळलेली मामाची पाठ ताठ झाली. तो वळला नाही.

"तू?" त्यानं भिंतीलाच विचारलं.

"मग कोण?" दात नसल्यानं आईचे शब्द हवेत फुटत होते. "तू दाराकडे बघत बसायचास. जेवायचा नाहीस, झोपायचा नाहीस. मी मोरीत जायची, डब्यात तोंड घालायची, मग येऊन तुला सांगायची गाडी आली."

"आणि आई?"

"आई कधी पहाटे यायची. कधी दुसऱ्या दिवशी दुपारी."

"म्हणजे वळणावर कुणी नसायचं."

"नसायचं."

मामी दारातच उभी होती, हातात फडकं तसंच.

"इतकी वर्षं सांगितलं नाहीस," मामा म्हणाला.

"काय सांगू? तुला वाटायचं आई आली. ते काढून घेऊ तुझ्याकडून?" आईनं डबा मांडीवर ठेवला. "आणि मी काही लय मोठं केलं नाही रे. तू जागा असलास की मला घाबरता यायचं नाही. तू झोपलास की मग मी घाबरायची."

मामाची पाठ हलली. हसला की रडला, मागून कळलं नाही. मग त्यानं हात मागे केला, चाचपडत आईच्या लुगड्याचा घोळ मुठीत धरला, चार वर्षांच्या पोरानं धरावा तसा.

"ती गाडी आईचीच आहे," आई म्हणाली. "आवाजही हाच होता तिचा. साफ. मलाच नीट काढता यायचा नाही."

"तुझाच बरा होता," मामा म्हणाला. "कर पुन्हा."

आईनं डबा उचलला. फुर्रर्र, दोन ठोके, श्वास. गाडी वळणावर आली. तिरीप जमिनीवरून सरकत गाडीच्या चाकावर चढली, टाकीवर गेली, गुलाबी गोळ्यावर थांबली. फळ्यांवरचे जबडे ऐकत होते. फुर्रर्र. मामाचे खांदे खाली आले. मूठ सैल झाली, पण सुटली नाही. आणि मग दुसरा आवाज सुरू झाला, मामाचा, खोल घोरण्याचा, जो मामीनं सगळ्या संसारात ऐकला नव्हता.

आई थांबेना. कधी थांबायचं ते बहुधा तिला ठाऊकच नव्हतं. आवाज बारीक होत गेला, श्वास लांब होत गेले, तरी ती डब्यात तोंड घालून बसली होती आणि तिचे ओठ कापत होते.

मामी पाय न वाजवता आत आली. तिनं आईच्या हातातून डबा अलगद काढून घेतला आणि खाटेच्या उरलेल्या कडेवर उशी सरकवली.

"वन्सं," ती कुजबुजली, "आता तुम्ही पडा जरा. मी आहे जागी."