डोक्यावरची रेघ

भूगोल वर्गाबाहेर शिकवू नये, हे मला चौसाळ्याच्या फाट्यावर कळलं. तिथं बसची वाट बघताना एक काका रोज भेटायचे. नाव कधी विचारलं नाही. भावकीशी चाललेला बांधाचा वाद ते छत्रीच्या टोकानं मातीत काढून दाखवायचे आणि त्या रेघेवर कुणाचा पाय पडला की डोळे वटारायचे.

एकदा मी बोलून गेलो, "काका, आपल्या प्रत्येकाच्या डोक्यावरून एक उत्तर-दक्षिण रेघ जाते. आकाशात ती याम्योत्तर, नकाशावर रेखावृत्त. सूर्य तिच्यावर आला की आपली भर दुपार."

"माज्या बी डोक्यावरून?" त्यांनी टोपी चाचपली. "मोजणी कुणी केली? सातबाऱ्यावर हाय का?"

तेवढ्यात एकजण त्यांच्या उत्तरेला येऊन उभा राहिला. काकांनी त्याला छत्रीनं ढोसलं. "सरक बे, माजी रेघ हाय!"

मी घाईनं म्हणालो, "काका, तुम्ही हललात की तुमची रेघही हलते."

काकांचा चेहरा उतरला. इकडंतिकडं बघून ते माझ्या कानाशी आले.

"सर, हे आमच्या भावकीत बोलू नका. त्यांचा बांध आदीच दरसाल हलतोय."