कौलांना चांदी

पांडेसऱ्यात आमच्या गल्लीच्या गणपतीला मी नवापूरकडच्या आमच्या कौलारू घराचा देखावा केला होता. साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून एकेक कौल केलं, कडा नखाने कुरतडल्या, विटेची भुकटी आणि चहाचं पाणी लावून ती जुनी केली. मंडळाचे अध्यक्ष पान चघळत आले. या माणसाने जन्मात कधी मान वर करून छप्पर बघितलं नसावं.

"ताई, कौलं अशी मळकी कशी? चमकली पाहिजेत!" म्हणत त्यांनी स्वतःच चांदीचा रंग फासला.

असल्याशी वाद काय घालायचा? मी सगळ्यांदेखत छप्पर उचललं आणि घरी आले. अध्यक्षांनी उघड्या भिंतींवर जरीची साडी पसरली आणि आरतीनंतर त्याच देखाव्याबद्दल स्वतःचा सत्कार करवून घेतला.