दोरीवरच्या चादरी आणि ताईंचं भांडं

चारपैकी दोन चादरी दोरीवर पडल्या होत्या, तिसरी पिळून हातात होती, तेवढ्यात माझ्या मोठ्या नणंदेचा आवाज आला, "थांब! हलू नकोस!"

मला वाटलं, पायाशी साप. देवाचं नाव घेऊन डोळे मिटले.

"डोळे काय मिटतेस? ती पहिली चादर बाजूला सरकव. आता परत घाल."

ताई जाळीच्या कुंपणापलीकडे त्यांच्या पसरट पत्र्याच्या भांड्यावर वाकल्या होत्या. बावीस वर्षं त्या पाणीपुरवठा खात्यात आहेत. तलावाच्या काठी, झाडांच्या आड आमचं सरकारी घर आणि घराला लागून हे भांडं. त्यातलं पाणी दिवसभरात किती उडालं ते रोज सकाळी साडेआठला मोजायचं आणि वहीत लिहायचं. अंगात ताप असो, घरात कार्य असो, एक खाडा नाही. गल्लीतली मुलं त्यांना मिलिमीटरताई म्हणतात. "सेंटिमीटर म्हणत नाहीत हे नशीब," असं ताईंचं त्यावर उत्तर.

यंदा तलाव फार खाली गेला. नवे इंजिनियर साहेब म्हणाले, काठावरची झाडंच पाणी पितात, तोडून टाकू. निर्णय शनिवारी. झाडं पितात हे ताईंनाही मान्य. त्यांनीच एका फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधून मला दाखवलं होतं. कडक उन्हात दुपारपर्यंत पानांनी सोडलेलं दोन चमचे पाणी आत जमलं, ढगाळ दिवशी जेमतेम चार थेंब. "पण हीच झाडं वारा अडवतात, सावली धरतात, ते कोण धरणार हिशोबात?" म्हणून वर्षभर त्यांनी समोरच्या उघड्या काठावर दुसरं भांडं ठेवलं. तिथलं पाणी रोज दोन-अडीच मिलिमीटर जास्त उडायचं. शनिवारी त्या हेच आकडे मांडणार होत्या.

"बघ," ताई म्हणाल्या. "चादर घातलीस की पाण्यावरच्या बारीक लाटा थांबतात. काढलीस की पुन्हा सुरू."

दोरी तिथे मीच बांधली होती, गेल्या वर्षी. वारा छान लागतो म्हणून.

ताईंनी वही उघडली. सोमवारी, माझ्या चादरींच्या दिवशी, आमच्याकडचा आकडा हटकून सगळ्यांत कमी. "ओल्या कपड्यांनी वारा अडतो, हवाही दमट होते. झाडांचं म्हणून मी जे लिहिलं, त्यात तुझ्या धुण्याचा वाटा आहे. आणि दोरी काय, रोजच भरलेली."

"कुणाला कळणार आहे, ताई?" मी म्हटलं. रोज देवाकडे खरं बोलायची बुद्धी मागते मी, आणि तोंडातून हे निघालं. लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

"मला कळलं ना," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या. मीही मागोमाग साहेबांच्या ऑफिसात गेले. चूक माझीही होती.

साहेब ऐकून हसले. "म्हणजे तुमचा पुरावा दोरीवर वाळत होता तर!"

"हो. म्हणून तो मागे घेते," ताई म्हणाल्या. "आता तुमचा दाखवा. झाडं किती पितात, मोजलंय कुणी?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"एक महिना द्या. दोन्ही काठ नीट मोजते, झाडांचं पिणंही मोजते. झाडांच्या विरुद्ध आकडा आला तर तोही मीच आणून देईन."

"पंधरा दिवस."

"एकवीस. आणि तोवर कुऱ्हाड नाही. लेखी द्या."

त्यांनी दिलं. घरी येऊन ताईंनी वर्षभराच्या पानांवर लाल रेघा मारल्या, हात जरासुद्धा न थांबवता. मी अंगणातली दोरी सोडली. तिसरी चादर परत बादलीत गेली आहे, चौथीसोबत. आता धुणं गच्चीवर.

उद्या सकाळी आधी हार्डवेअरच्या दुकानात जायचं: दहा मीटर नायलॉनची दोरी आणि दोन हूक.