मातीच्या भिंतीला सिमेंट

उपनगरातलं जुनं घर घेतलं आणि भिंतींचा गिलावा मी स्वतःच करायला घेतला. रोज म्हैस घेऊन जाणारा एक म्हातारा दारात थांबून हसायचा.

"पावणं, मातीच्या भितीवर सिमिट धरतंय व्हय?"

मी बी.ए. झालेला, सिमेंटच थापत राहिलो. आठवड्याभरात सगळा गिलावा खाली आला.

"बा काय करतोय तुमचा?" माझ्या हातातली थापी बघून म्हाताऱ्यानं विचारलं.

"कागलला गवंडी आहेत."

तो पचकन थुंकला. "मग त्याला बोलवायची लाज वाटती व्हय?"

वाटतच होती. ज्या थापीच्या कमाईनं मला शिकवलं, तिचं नाव मी कचेरीत कधी काढलं नव्हतं. त्याच दिवशी पत्र टाकलं.

वडील आले, माती मळून भिंत लिंपली. म्हाताऱ्यानं तिच्यावरून हात फिरवला, वडिलांना रामराम केला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.