अर्धी डिस्क रिकामी, तरी म्हणे जागा नाही

मंडळी, एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. डिलाईल रोडच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण वाढलो, पण पाहुण्याला कधी जागा नाही म्हटलं नाही. माझा लॅपटॉप मात्र आज अर्धी डिस्क रिकामी असताना सांगतो, ‘डिस्क भरली आहे.’

मला एकच रेकॉर्डिंग कॉपी करायचं होतं. आमचे थोरले बंधू अण्णा दर गणपतीत देवापुढे घरचं मालवणी गाऱ्हाणं घालतात. मागच्या आठवड्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. त्याआधी ते म्हणवून याच लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घेतलं होतं.

यंत्राचं वचन प्रमाण मानून मी सकाळभर जुने फोटो पुसले. तरी जागा नाहीच. शेवटी कंप्युटरवाल्या पुतणीला फोन लावला.

“काका, आधी हात बाजूला घ्या! डिस्क भरलेली नाहीये. कुठे काय ठेवलंय याची तिची आतली नोंदच बिघडलीये. त्यात तुम्ही पुसत बसलात?”

“अगं, तीच म्हणाली जागा नाही.”

“आणि तुम्ही ऐकलंत! घरात कोणाचं ऐकता का कधी?”

आता त्या एकुलत्या रेकॉर्डिंगच्या फाइलचं नाव दिसतं, पण ती उघडत नाही. कोणाला अशी फाइल परत मिळाली आहे का?

दुपारी अण्णांना म्हटलं, लिहून द्या. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘म्हणतानाच आठवता, लिवताना नाय.’ त्यांचा आवाज परत येईल का, डॉक्टर नक्की सांगत नाहीत.

मला शेकडो संस्कृत श्लोक पाठ आहेत. आमच्या गाऱ्हाण्यात कोणकोणत्या देवांना हाक मारतात, ते मात्र मी कधी शिकलोच नाही.