हरिदास मडावीने वेचलेले सहाशे कण

वर्ध्याच्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत, हरिदास मडावी दगड कुटायचा. वीस वर्षं तेवढंच. तो राहायचा त्या सिंदी मेघेत कुणी विचारलं की त्याची बायको शकुंतलाबाई तोंड वाकडं करून सांगायची, "दगड फोडते आमचा मानूस." हे त्याला झोंबायचं.

१९९८ साली रक्षा मॅडम पीएच.डी. करायला आल्या आणि गड्याचे दिवस पालटले. आर्वीकडे खडक तपासायला कुणीतरी खोल बोअर मारली होती. काळ्या दगडाच्या खालून, पार तळातून, तांबड्या ठिपक्यांचा दोन हात लांब दगडी दांडा वर आला. तो मॅडमच्या हाती लागला. बोअर बुजली, दुसरा तुकडा मिळणं शक्य नव्हतं.

"हा दगड जमिनीच्या पोटात भाजून निघालाय, हरिदासभाऊ," मॅडम म्हणाल्या. "यात झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण आहेत. कणातल्या युरेनियमचं हळूहळू शिसं होतं. ते मोजलं की दगड कधी भाजला ते कळतं."

"म्हंजे दगडाची जन्मपत्रिकाच काढून राह्यल्या तुमी!"

हरिदासने तीन वर्षं तो दांडा बोटबोटभर कापला, पोलादी खलात कुटला, चाळला, धुतला. मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक कण उचलला. गोल, गुळगुळीत कण दिसला की तो लहान पोरासारखा खूश व्हायचा. डोळ्यांची वाट लागली, चष्मा दोनदा बदलला. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तुमचं नाव छापीन, असा मॅडमनी शब्द दिला होता. त्याचं नाव आजवर कुठेच छापून आलं नव्हतं; लग्नातसुद्धा पत्रिका काढली नव्हती. त्याने सगळ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं.

दांडा संपला. सहाशे कण एका चकतीत बसवून वय मोजायला परदेशातल्या यंत्राकडे गेले. सात महिन्यांनी मॅडम परत आलेली चकती आणि निकालाचे कागद घेऊन आल्या. एकाच दगडातल्या कणांची वयं दहा तऱ्हेची निघाली होती, कशाचा कशाला मेळ नाही.

"भाऊ, खल कसा साफ करता तुम्ही?"

हरिदासची छाती फुगली. "निस्त्या पान्यानं काय होते मॅडम? माही माय भांडे घासे तसा रेतीनं घासतो. मांगं बांधकामाची कन्हान नदीची रेती पडली ना, तेच. आरशावानी निंघते खल!"

मॅडम खुर्चीत बसल्या. "त्या रेतीतही झिरकॉन असतात हो. कुठकुठल्या डोंगरांतून वाहून आलेले."

"मंग नदीचे येचून काढतो ना मी."

"कोणते आपले, कोणते नदीचे, आता कसं सांगणार?"

"मी अजून कुटतो मॅडम. नव्यानं."

"काय कुटणार, भाऊ?"

त्याने मांडणीकडे पाहिलं. दांड्याच्या जागी नुसती धूळ होती. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

प्रबंध झालाच नाही. मॅडम आर्वीच्या शाळेत शिकवायला गेल्या. त्या त्याच्यावर एकदाही चिडल्या नाहीत, आणि हरिदासला तेच सोसलं नाही. जाण्याआधी त्यांनी चकती डबीत घालून कपाटात ठेवली आणि नियमाप्रमाणे वर छापील चिठ्ठी डकवली. २००७ साली निवृत्त होईपर्यंत हरिदास रोज ते कपाट पुसायचा आणि चिठ्ठी वाचायचा: 'कण वेचणारे: हरिदास मडावी. भेसळ. वापरू नये.'